सूर्य उगवायच्या आत

नदीच्या अलीकडच्या काठावर एक राज्य होतं आणि त्या राज्यात एक दोरवाला राहत होता. अंबाडीचे दोर वळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

नदीवर एक नाव होती. दोन्ही काठांना बांधलेला जाड दोर धरून नावाडी ती ओढत नेई. दरवर्षी नवा दोर सरकार विकत घेई. एका वर्षी राजाने दवंडी पिटवली, "ज्याचा दोर चांगला, त्याचा घेऊ. माणूस कुठल्याही राज्याचा असो."

दोरवाल्याने दवंडी ऐकली. पलीकडच्या राज्यात नारळाच्या काथ्याचे दोर वळणारा एक काथ्यावाला होता. पाण्यात अंबाडी लवकर कुजते, काथ्या टिकतो, हे दोरवाल्याला पक्कं ठाऊक होतं. तो कारभाऱ्याकडे गेला.

"कारभारीसाहेब, तो पलीकडचा काथ्यावाला आला तर माझं कसं व्हायचं?"

"अरे, राजाचा शब्द कसा बदलणार?" कारभारी हसला. "पण एक ओळ वाढवता येईल."

त्याने दवंडीच्या हुकमात लिहिलं : नमुना सूर्य उगवायच्या आत चावडीवर पोचावा.

आता गंमत अशी, की परक्या माणसाने रात्री गावात राहायचं नाही आणि वेस उघडायची ती सूर्य उगवल्यावर, ही दोन्ही काठांवरची जुनी रीत. काथ्यावाला खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन तीन दिवस आला. तिन्ही दिवस शिपाई म्हणाला, "पाहुणे, जरा उशीर झाला." चौथ्या दिवशी तो आला नाही.

"आपण कुणाला नाही म्हटलं का?" कारभारी म्हणाला. नाही कशाला म्हणेल? सगळं कसं रीतसर!

पहिल्या वर्षी दोरवाल्याने मन लावून दोर वळला. दुसऱ्या वर्षी पीळ जरा सैल पडला. तिसऱ्या वर्षी आणखी सैल. शेजारी दुसरा दोर ठेवून बघणारं कुणी नव्हतंच.

त्याच वर्षी पलीकडच्या राजाने सरकारी गोठ्यांसाठी दावी मागवली. काथ्याने जनावरांच्या माना सोलवटत होत्या, अंबाडी मऊ. दोरवाल्याने घरादाराला कामाला लावून शंभर दावी वळली आणि तो नावेत बसला. सोबत एक लेकुरवाळी बाई होती आणि दोन शेळ्या.

नाव नदीच्या मधोमध असताना दोर तुटला. स्वतःच वळलेला दोर आपल्या डोळ्यांदेखत तुटताना दोरवाल्याने पाहिला. नाव धारेला लागली. बाईने लेकरू छातीशी घट्ट धरलं.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून एक वेटोळं येऊन नावेत पडलं. नावाड्याने ते धरलं आणि काठावरच्या माणसाने नाव हळूहळू ओढून घेतली. तो काथ्यावाला होता.

दोरवाला उतरला आणि खाली मान घालून दावी घेऊन तिथल्या वेशीवर गेला. शिपाई म्हणाला, "पाहुणे, उशीर झाला. नमुना सूर्य उगवायच्या आत द्यायचा."

"आणि वेस?"

"ती सूर्य उगवल्यावर उघडते."

"हा कसला नियम!"

"तुमच्याच राज्यातून उतरवून आणलाय," शिपाई म्हणाला. "आमच्या कारभाऱ्यांना फार आवडला."

दोरवाला दावी बाजूला ठेवून वेशीबाहेरच बसला. मागून काथ्यावाला आला आणि त्याच्याजवळ टेकला.

"दादा, आमच्याकडे ती ओळ माझ्या फायद्यासाठी लिहिली होती," दोरवाला म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"मग दोर का फेकलात?"

"नावेत तुम्ही एकटे नव्हता."

दोरवाल्याला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. तुटलेला दोर सांधून नाव परतल्यावर तो थेट राजासमोर उभा राहिला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. राजाने ती ओळ आपल्या हाताने खोडली. ते ऐकून पलीकडच्यांनीही खोडली.

पुढच्या दवंडीला दोघांचे दोर चावडीवर शेजारी शेजारी पाण्यात भिजत ठेवले. दोरवाला हरला. काथ्याचा दोर नदीवर बांधताना गाठ मात्र त्यानेच मारली. मग दावी घेऊन तो त्याच नावेतून पलीकडे गेला. वेस उघडी होती.

तात्पर्य : दुसऱ्यासाठी लावलेली वेस एक दिवस आपल्याही तोंडावर बंद होते; आणि तोवर नदी ओलांडणारे कच्च्या दोरावर असतात.