मुंगीचा गूळ कोसभर गेला

कुंपणापलीकडे शेजारीण बोलत होती. कान देऊ नये. पण पडलंच कानावर.

"मुंगीचा गूळ केरबाच्या गाडीच्या चाकाला चिकटला. गेला गं कोसभर! आता काही…"

तेवढ्यात दूध उतू गेलं. शेजारीण आत पळाली.

"आता काही काय?" मुंगीने विचारलं. सांगणार कोण?

एवढासा खडा. तोच गेला.

मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"केरबादादा, केरबादादा, मला कोसभर ने."

"कोस म्हणजे तुझी पावलं किती? अक्का हात मोजेल, तर मी गाडी जुंपीन."

तुरु तुरु, तुरु तुरु. जनाक्का लुगडं विणत होती. खटक खटक.

"अक्का, अक्का, हात मोज. दादा जुंपेना, गूळ मिळेना!"

"यमू वीत पसरेल, तर मी हात मोजीन."

तुरु तुरु, तुरु तुरु. यमू गोट्या खेळत होती. टिक टिक.

"यमू, यमू, वीत पसर. अक्का मोजेना, दादा जुंपेना, गूळ मिळेना!"

"काकू बोट टेकवेल, तर मी वीत पसरीन. आणि माझ्या गोटीवरून उतर."

तुरु तुरु, तुरु तुरु. सोनाकाकू गोधडी शिवत होती. सुर्र सुर्र.

"काकू, काकू, बोट टेकव. यमू पसरेना, अक्का मोजेना, दादा जुंपेना, गूळ मिळेना!"

"जव आडवा होईल, तर मी बोट टेकवीन."

तुरु तुरु, तुरु तुरु. जवाचा दाणा सुपात उताणा.

"जवा, जवा, आडवा हो. काकू टेकवेना, यमू पसरेना, अक्का मोजेना, दादा जुंपेना, गूळ मिळेना!"

"मुंगी माझ्यावरून चालेल, तर मी आडवा होईन."

"अरे, मुंगी म्हणजे मीच की!"

"मग चाल."

मुंगी चालली. एक, दोन, तीन.

जव म्हणाला, "तीन पावलं, एक जव."

काकू म्हणाली, "आठ जव, एक बोट."

यमू म्हणाली, "बारा बोटं, एक वीत."

अक्का म्हणाली, "दोन विती, एक हात."

केरबादादा म्हणाला, "आठ हजार हात, एक कोस. म्हणजे तुझी सेहेचाळीस लाख आठ हजार पावलं. बाई गं, बस गाडीत."

दादाने बैल जुंपले. चाक फिरलं. घर्रर्र…

खालची बाजू वर आली. तिथे गूळ! चाकाबरोबर गेला होता, चाकाबरोबरच परत आला होता.

"थांब, दादा!"

कोसभर गेला, हे खरं. आता काही मिळत नाही, हे खोटं.

मुंगी गुळाकडे चालली. एक, दोन, तीन.

बस. एक जव.