गवताची ऊब

एका गावात एक आत्या होती. कुणा एकाची नव्हे, सगळ्या गावाचीच आत्या. नाव येसू. भांडण कुणाचंही असो, बांधाचं, पाण्याचं, की चुकलेल्या वासराचं, माणसं चिंचेच्या पारावर येऊन बसत आणि येसूआत्याला बोलावणं जाई.

आत्या हुशार होती, यात शंका नाही. एकदा देवळातला तांब्याचा हंडा चोरीला गेला. आत्याने सगळ्यांना पारावर जमवलं आणि गप्पा मारता मारता हळूच एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. एकाची नजर पुन्हा पुन्हा ओढ्याकडे जात होती. आत्याने ओढ्याकाठची वाळू उकरायला लावली, तर हंडा तिथेच. तेव्हापासून गावात म्हण पडली, "आत्याने तोंड पाहिलं की निकाल लागला."

हळूहळू आत्यालाही ते खरं वाटू लागलं.

त्या गावाचं एक मोठं कुरण होतं. दिवाळी झाली की सगळे मिळून तिथलं गवत कापत आणि खळ्याशेजारी दोन मोठ्या गंजी रचून ठेवत. उन्हाळ्यात रानात काडी उरत नसे. तेव्हा गावाची गुरं याच गवतावर जगत.

त्या साली कापणी झाली आणि अवेळी पाऊस आला. गवत भिजलं. पुन्हा ढग भरून आले, तसा कुरणाचा राखणदार निंबाजी घाई करू लागला. "रचा, रचा! आणखी भिजलं तर कुजून जाईल." गवत नीट वाळलं नव्हतं. तरी तसंच रचलं गेलं.

गावाच्या कडेला तुळाजी नावाचा माणूस नव्याने राहायला आला होता. त्याच्या मुलखात दुष्काळ पडला, म्हणून बायको मैना, लहान मुलगी आणि एक गाय घेऊन तो इकडे आला होता. अंबाडीचे दोर वळून विकायचा. दोर चांगले होते, पण माणूस अबोल. कुणाच्या ओट्यावर जाऊन बसायचा नाही.

गंजी रचल्या तेव्हा तो पारावर आला आणि म्हणाला, "आत्या, मीही कापणीला होतो. माझ्या गायीपुरतं गवत मिळेल का?"

आत्या म्हणाली, "दोन-तीन पावसाळे राहा इथं. मग बघू. कुरण गावाचं आहे."

तुळाजीचा चेहरा उतरला. तो निघून गेला. त्याचा उतरलेला चेहरा आत्याच्या लक्षात राहिला.

पुढे मार्गशीर्षात एके दिवशी शेजारच्या गावी जत्रा होती. झाडून सगळं गाव तिकडे गेलं. दुपार कलताना माणसं परतू लागली, तर खळ्यावरून धूर उठलेला. एक गंजी धडाधडा पेटली होती आणि तुळाजी एकटाच तिथे धावत होता, ओरडत होता, ओंजळी भरभरून माती फेकत होता. सगळे धावले. दुसरी गंजी वाचली, पण पहिलीची राख झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर गाव जमलं. आत्या आली. तिने तुळाजीकडे पाहिलं आणि तिला तो उतरलेला चेहरा आठवला. तिचा निकाल तिथेच लागला होता. उरलं होतं ते फक्त विचारणं.

"काल तू खळ्यावर होतास?"

"होतो, आत्या."

"गवत दिलं नाही, म्हणून तुला राग आला होता?"

"वाईट वाटलं होतं," तो म्हणाला.

"घरात चकमक आहे?"

"आहे. चुलीला लागतेच की."

लोक एकमेकांकडे बघू लागले. चकमक तर तिथल्या प्रत्येकाच्या घरात होती. पण ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"आग आधी कुणी पाहिली?"

"मीच पाहिली. मीच ओरडलो."

"पाहा," आत्या गावाकडे वळून म्हणाली, "चोर सगळ्यांच्या आधी ओरडतो."

तो ओरडला नसता, तर आत्या म्हणाली असती, 'जवळ होतास, तर ओरडला का नाहीस?' पण हेही तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"सगळं गाव जत्रेला गेलेलं. तू खळ्यावर कशाला गेलास?"

तुळाजी चाचरत म्हणाला, "अंगात कणकण होती. थंडी वाजत होती. घरात बसवेना. म्हणून दुसऱ्या गंजीला टेकून बसलो. ऊब लागत होती."

"उन्हाची?"

"नाही. ऊन नव्हतं काल. गवताचीच."

सगळा पार हसला. आत्याही हसली. "अरे, गवताला कसली ऊब? ती काय गाय आहे?"

तेव्हा मैना पुढे आली. मुलीला कडेवर घेऊन मागे उभी होती, ती पुढे आली आणि हात जोडून म्हणाली, "आत्या, तो खोटं बोलत नाही. दुसरी गंजी उभी आहे ना अजून? चला, तिच्यात हात घालून बघा. गार लागली, तर आम्हाला काय वाटेल ती शिक्षा करा."

खळं पारावरून हाकेच्या अंतरावर होतं. गंजी बसल्या जागेवरून दिसत होती. कडेला बसलेली एक म्हातारी म्हणाली, "येसू, बघायला काय जातंय?"

आत्या उठली असती, तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण तिला वाटलं, आपण उठलो तर आपल्याला शंका आहे असं दिसेल. शिवाय शंका तिला नव्हतीच. ती म्हणाली, "जे मला लख्ख दिसतंय, त्यासाठी गवतात हात घालत फिरू? हा वेळ काढायचा बहाणा आहे."

मैना बोलत असताना तुळाजी गप्प होता, तर लोक म्हणत होते, "किती निगरगट्ट आहे!" आता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणू लागले, "पाप मनाला खातंय."

निकाल लागला. तुळाजीने गाव सोडायचं. ऊन डोक्यावर यायच्या आत बिऱ्हाड निघालं. तो गायीच्या आधाराने चालत होता आणि पावलं अडखळत होती. कुणीतरी म्हणालं, "मान वर करून चालायची हिंमत नाही."

तो गेला आणि गाव निर्धास्त झालं. एक दिवस गेला, चार दिवस गेले, कुठे ठिणगीही पडली नाही. "बघा," माणसं म्हणत, "तो गेला आणि आग थांबली!" आत्या काही बोलत नसे, पण ऐकून तिला बरं वाटे. आपण बरोबर होतो याचा आणखी एक पुरावा मिळाला, असं तिला वाटे.

मग एके सकाळी, लख्ख उजेडात, बायका खळ्यावर धान्य पाखडत असताना दुसरी गंजी धुमसू लागली.

त्या वेळी आत्या तिथेच होती. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. गंजीच्या आसपास ना माणूस, ना चूल, ना चिलीम. धूर वरून नव्हता, बाजूने नव्हता, पोटातून येत होता. पुरुष धावले आणि आकड्यांनी गवत ओढून काढू लागले. वरचं गवत पिवळं होतं. त्याखाली तपकिरी निघालं. आणखी आत काळं, कोळशासारखं. आत्याने पुढे होऊन त्यात हात घातला आणि किंचाळून बाहेर काढला. तळहात भाजला होता.

आतून गरम वाफ आली आणि वारा लागताच गंजीने पेट घेतला.

सगळे मागे सरले. कुणीतरी ओरडलं, "तुळाजीच! परत आला असणार!"

"कुणी पाहिलं त्याला?" आत्याने विचारलं.

"कुणी नाही पाहिलं."

"मग कशावरून म्हणतोस?"

"अगं आत्या, कुणाला दिसला नाही म्हणजे लपूनच आला असणार की! तूच बघ ना!"

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. माणूस दिसला असता तर तो दोषी, आणि नाही दिसला तरी तोच दोषी. मग तुळाजीने सुटायचं तरी कसं? तो गप्प राहिला तर निगरगट्ट, रडला तर पापी. ओरडला तर चोर. हे सगळं आपणच बोललो होतो किंवा आपल्यासमोर बोललं गेलं होतं, आणि आपण माना डोलावल्या होत्या. आत्या तिथेच खळ्याच्या कडेला बसली.

निंबाजी जवळ आला. खाली मान घालून म्हणाला, "आत्या, गवत ओलं होतं. पहिली गंजी जळाली तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की ओलं गवत दाबून रचलं की तापतं, असं बाप म्हणायचा. पण तुला तुळाजीच दिसत होता. मग मी म्हटलं, आत्या कशी चुकेल?"

"तू बोलला का नाहीस?"

"तू विचारलंच नाहीस," निंबाजी म्हणाला. "तू फक्त त्यालाच विचारत होतीस."

तो उन्हाळा गावाला फार जड गेला. गवत नव्हतं. कुणी गुरं पाहुण्यांकडे धाडली, कुणी विकली. काही दावणीलाच गेली. वेळीच हात घातला असता, गंजी मोडून गवत पसरलं असतं, तर निदान अर्धी तरी वाचली असती. हे आता पोरंसोरंही बोलत. आत्या ऐकत असे.

पण तिला गवतापेक्षा दुसरीच गोष्ट टोचत होती. भाजलेला हात बरा होताच ती तुळाजीला शोधायला निघाली. सोबत निंबाजी होता. कुरणात वाटा द्यायचा, पारावर सर्वांसमोर माफी मागायची, घर बांधून द्यायचं, असं गावाने ठरवलं होतं.

पहिल्या गावात विचारलं, तर माणसं म्हणाली, "तो गंजी जाळणारा? आम्ही वेशीतच अडवला." दुसऱ्या गावातही तेच. बातमी त्याच्यापुढे धावत गेली होती. "येसूआत्यानं निकाल दिलाय म्हटल्यावर खोटं कसं असेल?" एक जण आत्याच्याच तोंडावर म्हणाला. ती कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. आत्याने त्याला आपली ओळख सांगितली नाही.

शेवटी नदीच्या उतारावर, नावाड्यांच्या वस्तीत मैना सापडली. झोपडीसमोर बसून ती दोर वळत होती. मुलगी शेजारी अंबाडीचे पेड सोडवत होती.

मैनेने आत्याला ओळखलं. उठली नाही, पण घोंगडी पुढे सरकवली. "बसा."

"तुळाजी कुठाय?" आत्याने विचारलं.

मैनेने हातातला दोर खाली ठेवला. "निघालो त्या दिवशीच त्याच्या अंगात ताप होता. थंडी वाजतेय म्हणाला होता ना तुमच्यापुढे? ती खरीच होती. पुढे कुणी छपराखाली घेईना. थंडीचे दिवस. इथवर आला आणि मग उठलाच नाही."

आत्या म्हणाली, "मैना, आग त्यानं लावली नव्हती."

"मला माहीत होतं ते," मैना म्हणाली. "तुम्हाला कधी कळलं?"

"दुसरी गंजी पेटली तेव्हा."

निंबाजीने गावाचा निरोप सांगितला. वाटा, घर, माफी, सगळं सांगितलं. मैनेने ते शांतपणे ऐकून घेतलं.

"आत्या, तुम्ही एवढ्या लांब आलात. दुसऱ्या कुणी आलं नसतं," ती म्हणाली. "पण आम्ही येणार नाही. या लोकांनी काही न विचारता आम्हाला जागा दिली. गाय मात्र वाटेत विकली. आता गवताचा वाटा घेऊन काय करू?"

मुलीने आईला विचारलं, "आई, या कोण?"

मैना म्हणाली, "आपण आधी राहायचो ना, त्या गावच्या आत्या."

आत्याने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती उठली.

गावी आल्यावर तिने पारावर बसणं सोडून द्यायचं ठरवलं. पण माणसं येतच राहिली, भांडणं थांबली नाहीत. तेव्हा तिने एक रीत घातली. आपल्याला जे वाटतंय ते पारावर मोठ्याने सांगायचं आणि मग विचारायचं, "मी चुकत असेन, तर ते कुठं जाऊन बघितल्यावर कळेल?" कुणी ना कुणी जागा सुचवी. मग ती स्वतः उठे, काठी टेकत तिथवर जाई, बघे, आणि त्यानंतरच निकाल देई. किती तरी वेळा तिचा पहिला अंदाज खोटा ठरला. किती तरी माणसं त्यामुळे वाचली. लोक तिला पूर्वीपेक्षा अधिक मानू लागले.

दर वर्षी ती नावाड्यांच्या वस्तीत निरोप धाडी. मैनेचं उत्तर दर वेळी येई, आणि ते कडवटही नसे. "आम्ही बरे आहोत. मुलगी मोठी होतेय." पण ती त्या गावात पुन्हा कधी आली नाही.

तात्पर्य: आपलं खरं आहे असं सांगणारे पुरावे शोधावे लागत नाहीत, मन ते आपोआप गोळा करतं. आपलं चुकतंय हे सांगणारा पुरावा मात्र उठून, चार पावलं चालून बघावा लागतो, आणि तोही वेळेवर. मागाहून कळलेलं सत्य आपल्याला शहाणं करतं, पण गेलेल्याला परत आणत नाही.