मानाचा दगड

सांगतो, पण गप्प बसा. तुमच्या नादात भाकरी गार झाली माझी. मध्येच कुणी 'मग?' म्हटलं, की उठलोच म्हणून समजा.

एका डोंगराच्या अल्याड-पल्याड दोन गावं होती. अल्याडच्या बाईला धुरकट स्फटिकांचं वेड. रंग कोऱ्या चहासारखा, खडा उन्हात धरला की आरपार दिसायचं. पल्याडच्या बाईला नाद काळ्या तोरमल्लीच्या दगडांचा. उभ्या रेघांच्या काळ्याकुट्ट कांड्या नुसत्या. दोघींची घरं दगडांनी भरलेली, अन् दोघींना लोक येडीच म्हणायचे.

अल्याडच्या बाईच्या पोरीचं लग्न पल्याडच्या बाईच्या पोराशी जमलं. त्याच सुमारास पोरीच्या आईला डोंगरात एक दगड गावला. धुरकट स्फटिक, अन् त्याच्या पोटात काळ्या कांड्या! तिनं तो रुखवतासाठी राखून ठेवला.

साखरपुड्याला वरमाई आली. दगड बघून तिथंच खिळली.

"विहीणबाई, मानाची साडी नको. हा दगड द्या."

"अहो, तो रुखवतात मांडायचाय. दुसरं काहीही मागा."

"वरमाईचा मान मोडता?"

पोरीची आई काय करणार? दिला. डोळ्यांत पाणी आलं, ते चुलीच्या धुरावर ढकललं.

वरमाई नाचतच घरी आली. नवऱ्याला म्हणाली, "बघा तरी!"

"बराय. लोणच्याच्या बरणीवर ठेव, वरचं दादऱ्याचं फडकं उडतंय."

पोरगा म्हणाला, "आई, मिरच्या कुटायला झकास!"

जाऊबाईनं तर मानही वळवली नाही.

वरमाई कोपऱ्यात एकटीच दगड घेऊन बसली. धूर कुठं दाट झालाय, कांडी कुठं वळलीय, बोलायचं कुणाशी? जिला कळलं असतं, तिच्याच हातातून तो ओढून आणला होता.

लग्नादिवशी वऱ्हाड पोचलं. वरमाई पाय धुऊन घ्यायलाही थांबली नाही. तडक रुखवतापाशी गेली, लाडू-चकल्या बाजूला सारल्या अन् दगड मधोमध ठेवला.

"तुमचा तुम्हाला. पण विहीणबाई, एकदा माझ्याबरोबर बघा हो!"

"आधी पाय धुते तुमचे."

"पाय राहू द्या! ही कांडी बघा, टोकाला दोन झाल्यात."

"अगं बाई! माझ्या नजरेतून सुटलंच की हे!"

दोघी दगड घेऊन उन्हात पळाल्या. अक्षता वाटून झाल्या तरी त्यांचा पत्ता नाही. शेवटी भटजीच ओरडले, "अहो बायांनो, नवरानवरी इकडं आहेत!" अख्खा मांडव हसला.

तात्पर्य काय, तर ज्याला कळतं त्याच्याकडूनच वस्तू हिसकावलीत, तर ती दाखवणार कुणाला, हे आधी ठरवा. अन् माझा स्फटिक 'फुटकी बाटली' म्हणून उकिरड्यावर फेकून अजून चूक कबूल न करणारा तो मागं बसलाय बघा, धुळाप्पा गावंडे.