पंखा बदलल्याचा गुन्हा

वस्तू विकता, पैसे घेता आणि मालकी मात्र स्वतःकडेच ठेवता. हा उघड दरोडा आहे.

चंद्रपूरच्या तृप्ती वैरागडेचा गेमिंग कन्सोल उन्हाळ्यात तापून बंद पडायचा. तिने तो उघडून आत मोठा पंखा बसवला. कंपनीने ‘यंत्रात फेरफार’ म्हणून तिला ऑनलाइन सेवेतून कायमचं हाकललं. रविवारी तिची राज्य स्पर्धेची अंतिम फेरी होती. ती ग्राहक आयोगात गेली.

कंपनीचे वकील मुंबईहून आले होते. ते गरजले, "यंत्र उघडणारा खेळात फसवणारच! अशांवर बंदी कायदेशीरच आहे."

तृप्ती म्हणाली, "वकीलसाहेब, तुमचा काळा कोट दोन्ही बाजूंनी उसवून वाढवलाय. गणवेशात फेरफार केलात, मग तुम्हाला इथे उभं का राहू द्यावं?"

"पोट सुटलं म्हणून वाढवला! त्यात मी कुणाला फसवलं?"

"मी कुणाला फसवलं, तेवढंच दाखवा."

वकिलांनी दोनदा कागद चाळले. दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. आयोगाच्या अध्यक्षबाईंनी त्याच दिवशी बंदी उठवायला लावली.

घामाघूम वकिलांपुढे शिपाई मडावींनी ग्लास ठेवला. "पाणी प्या, साहेब. मे महिन्यात आमच्याकडे बाहेरून आलेलं काहीच धड चालत नाही."