किल्ल्यांची अदलाबदल

घाटगड आणि खाडीपूरचे राजे म्हणजे हाडवैरी. तहाला बसले खरे, पण पहिला दिवस एकमेकांच्या कैद्यांसाठी रडण्यातच गेला. "तुमच्या तुरुंगात निरपराध माणसं सडतायत हो!" असं म्हणत दोघांनी इतके रुमाल भिजवले, की सेवकांना ते पिळावे लागले.

विडे देणारी घाटगडची दुर्पताबाई सगळं बघत होती. जकात फार झाली म्हणाला, एवढ्यावरून तिचा नवरा दोन वर्षं घाटगडच्याच कोठडीत होता. शेवटी तिला राहवेना.

"महाराज, रडून डोळे सुजले की तुमचे! त्यापेक्षा तुरुंगाच्या किल्ल्या बदला. ज्याला ज्यांचा कळवळा, त्यानं त्यांना सोडावं."

वैऱ्याची फजिती करायची संधी! खाडीपूरकरांनी लगेच हात पुढे केला. घाटगडकर मात्र गरजले, "माझ्या तुरुंगाची किल्ली शत्रूला देऊ?"

"नका देऊ," दुर्पताबाई विडा पुढे करत म्हणाली. "पण मग डोळे तरी पुसा. अख्खा दरबार बघतोय."

दरबार खुदकन हसला. लाजेकाजेस्तव किल्ल्या बदलल्या आणि संध्याकाळी दोन्ही तुरुंग ओस पडले.

नवऱ्यानं बाहेर येताच विचारलं, "कुठल्या राजाला दया आली गं?"

"दया कसली! एकमेकांचं नाक कापायला सोडलंय तुम्हाला. चला लवकर, त्यांची दोस्ती व्हायच्या आत घर गाठू."