राणीच्या अंगची खाज

एका राज्यात मंजुलेखा नावाची राणी होती, आणि तिच्या अंगाला खाज सुटत असे. पुरळ नाही, चट्टा नाही, गांधी नाही. कातडी पाहावी तर नितळ. पण आतून मुंग्या चालाव्यात तशी खाज पाठीवरून खांद्यावर जाई, खांद्यावरून मानेत शिरे.

राज्य खरे तर तिच्या जुळ्या भावाचे, ध्रुवकेतूचे. दुष्काळात प्रजा अन्नाला मोताद झाली, तेव्हा उत्तरेच्या रानात पुरलेले धन आणायला तो एकटा गेला, तो परतलाच नाही. सैनिकांनी रान पालथे घातले आणि रिकाम्या हातांनी आले. त्याच सुमारास राणीची खाज सुरू झाली.

राजवैद्यांनी आमसुलाचे पाणी लावले, कडुलिंबाच्या पाल्याने न्हाऊ घातले, वांगी वर्ज्य केली. गुण आला नाही. शेवटी ते म्हणाले, "राणीसाहेब, रोग दिसत नाही. मन रमवावे."

"मन रमते, वैद्यराज. अंग रमत नाही," राणी म्हणाली.

मग तिने आपले आपणच निभावले. मऊ, जुनी वस्त्रे नेसू लागली. भर दरबारात खाज उठली की सिंहासनाची कड घट्ट धरी आणि फिर्यादीचे बोलणे शेवटपर्यंत ऐके. चंपकला नावाची दासी तिच्या पाठीवर ओला पंचा ठेवी. अशा वेळी राणी भावाबद्दल बोले. "लहानपणी त्याला ताप आला की मलाही यायचा," ती म्हणे. "आता त्याला काय होत असेल, कोण जाणे."

रोज सकाळी तिच्या डाव्या खांद्याखाली बारीक ठोके पडत. एके दिवशी ते पडले नाहीत, आणि गवाक्षात एक सुतारपक्षी येऊन बसला.

"मंजू हे कोणाचे नाव?" पक्ष्याने विचारले.

"माझे. पण या नावाने एकच माणूस मला हाक मारी."

"उत्तरेच्या रानात ऐनाचे एक झाड आहे. मी चोच मारली की ते हे नाव घेते. त्याच्या सालीत मुंग्यांनी घर केले आहे, आणि झाडाला हात नसतात."

राणीने डाव्या खांद्याखाली हात नेला. मग म्हणाली, "दुखते का त्याला?"

"ते मला कळत नाही. तुला कळत असेल."

राणीने कारभार प्रधानांवर सोपवला आणि पक्ष्यामागे निघाली. झाडाच्या मुळाशी मांत्रिक कालदंत बसला होता. तो म्हणाला, "याने माझ्या धनाला न विचारता हात लावला. ज्या हातांनी हिरा उचलला, त्यांच्या फांद्या झाल्या. सोडवायचा असेल तर तीन कामे कर."

पहिले काम, झऱ्याचे पाणी ओंजळीत आणून थेंबही न सांडता मुळाशी घालणे. वाटेत खाज मानेवर चढली, कानामागे गेली. राणीची ओंजळ हलली नाही.

दुसरे काम, सालीत रुतलेला हिरा घाव न घालता काढणे. राणीने खोडावर तळहात ठेवला. "ध्रुव, दे तो. पाऊस झाला, शेते पिकली, माणसे पोटभर जेवतात." खोडातली गाठ हळूहळू सैल झाली आणि हिरा तिच्या हातात पडला.

तिसरे काम, सूर्य मावळेपर्यंत खोडाला मिठी मारून उभे राहणे. हात सुटला तर तीही झाड होणार. दुपारी मुंग्या तिच्या दंडांवर चढल्या आणि आजवरची सगळी खाज एकवटून उठली. कालदंत जवळ येऊन म्हणाला, "हा माझा कोणी नाही, एवढे म्हण. खाज या क्षणी जाईल. तुला जाऊही देईन."

खाज जाईल हे ऐकून राणीच्या डोळ्यांत पाणी आले. तिला ती जायला हवीच होती. एक रात्र स्वस्थ झोप मिळावी, एवढेच मागणे तिने किती देवळांत मागितले होते. तरी ती म्हणाली, "त्याची मला एवढीच खबर येत होती. ती बंद करून मी घरी कशी जाऊ?"

सूर्य मावळला. साल तडकली, पापुद्रे गळाले आणि आतून ध्रुवकेतू बाहेर आला, दाढी वाढलेला, मुंग्यांनी माखलेला. त्याचे पहिले शब्द होते, "मंजू, पाठीवर जरा. नाही, वर."

ती त्याची पाठ खाजवत बसली. मांत्रिक हिरा घेऊन केव्हा निघून गेला, ते दोघांपैकी कोणी पाहिले नाही.

भाऊ सिंहासनावर बसला, बहीण त्याच्या शेजारी. पुरलेले धन पुरलेलेच राहिले. त्या रानात पुन्हा कोणी कुदळ घेऊन गेले नाही. राणीची खाज त्या संध्याकाळीच गेली होती, आणि ती रोज गाढ झोपू लागली. मात्र आता ध्रुव पलीकडच्या दालनात असला तरी तो कसा आहे, हे तिला आपसूक कळत नसे. ते उठून, जाऊन, विचारावे लागे. ती उठून जाई, दारात उभी राही आणि विचारी, "बरा आहेस ना?" तो म्हणे, "बरा आहे."