बोटभर खडू

“…मग गाडी आणखी किती झुकवायला हवी होती मी, उस्ताद?”

मकबूल उस्ताद कार्बुरेटर पुसत होते. घाटमाथ्यावर त्यांचं गॅरेज. वय सत्तरीपार, पण ऐन उमेदीत मोटरसायकलच्या शर्यती गाजवलेला माणूस. ते पुसतच राहिले.

समोरचा गप्प बसला की माणूस जास्तच बोलतो. रणधीरही बोलत सुटला. वळण कसं घ्यावं यावरची पुस्तकं त्यानं कोळून प्यायली होती. तीन शिबिरं केली होती. शर्यतीच्या ट्रॅकवर पाच वेळा दिवसदिवसभर गाडी पळवली होती. आणि एवढं करून गेल्या महिन्यात याच घाटात, वळणापलीकडं एक म्हैस उभी निघाली. गाडी घसरली. मागं बसलेल्या मृणालचं, त्याच्या बायकोचं, मनगट मोडलं.

“आता कशी आहे ती?”

“प्लास्टर निघालं.” रणधीर थांबला. “पण मागं बसत नाही. काल माहेरी जायचं होतं. म्हणाली, तू हो पुढं, मी एस.टी.नं येते… चिडली असती तर बरं वाटलं असतं मला.”

उस्तादांनी फडकं खाली ठेवलं.

“म्हैस दिसल्यावर गाडी आणखी आत का घेतली नाहीस?”

“आणखी झुकायला जागाच उरली नव्हती. टायर पार कडेपर्यंत टेकलं होतं.”

एवढं सोसूनही, हे सांगताना पठ्ठ्याची मान जरा ताठ झालीच. कडेपर्यंत घासलेलं टायर ही पोरं छातीवरच्या पदकासारखी मिरवतात.

उस्तादांनी फळीवरचा खडू घेतला. रणधीरच्या मागच्या टायरवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आडव्या रेघा ओढल्या. मग आपल्या जुन्या गाडीच्या टायरवरही तशाच.

“खालच्या देवळापर्यंत जाऊन येऊ. तू नेहमी जातोस तसाच जा.”

रणधीर गेला तो वाऱ्यासारखा, आला तोही तसाच. हेल्मेट काढून त्यानं तोंडावर पाणी मारलं, तोवर उस्तादही येऊन पोचले.

दोघं टायरांपाशी उकिडवे बसले.

रणधीरच्या टायरवर खडूचा ठिपकासुद्धा राहिला नव्हता. उस्तादांच्या टायरवर मात्र दोन्ही कडांना बोटभर रेघा पांढऱ्याशुभ्र होत्या.

“तुमचं टायर पुरतं टेकलंच नाही की,” रणधीर म्हणाला. “भीती वाटते?”

“वाटते.”

एवढा मोठा उस्ताद असं सरळ कबूल करेल, हे काही रणधीरच्या पुस्तकांत नव्हतं. त्याच्या ओठांवर आलेलं हसू तिथंच विरलं.

…

त्या पांढऱ्या रेघांकडं बघत त्यानं विचारलं, “मग हे एवढं कोरं कुणासाठी ठेवता?” या खेपेला आवाज खाली आला होता.

“माझी हमीदा चाळीस वर्षं माझ्या मागं बसली. एस.टी.नं एकदाही गेली नाही.” उस्तादांनी त्या पांढऱ्या कडेवर बोट टेकवलं. “…ती इथं बसायची.”